जावईबुवा कमानीत अडतात

आमच्या घरी घोडं आलं ते बायकोच्या हट्टामुळे. खरं म्हणजे ते घोडं नव्हतं, तट्टू होतं. हा फरक मला तेव्हा ठाऊक नव्हता. मी जन्मभर कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवले. प्राणी मला माहीत होते ते एका विशिष्ट कपाटात उभे असलेले, आणि त्यांना खरारा लागत नसे.

नातीला आम्ही घोडेस्वारीच्या वर्गाला घातलं होतं. सोलापुरातून बाहेर पडलं की एक मोकळं माळरान आहे, तिथे तो वर्ग भरतो. मुलं पुष्कळ आणि तट्टू मोजकी, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एखादी फेरी येई. नात दर रविवारी तोंड फुगवून परत यायची. बायको हे काही आठवडे बघत होती. मग ती मोहोळला एका लग्नाला गेली. जाताना आहेर घेऊन गेली आणि येताना नवरदेवाचं तट्टू घेऊन आली.

"अहो, त्या बिचाऱ्याला तो विकायचाच होता," ती टेम्पोतून उतरत म्हणाली. बिचारा म्हणजे तट्टूचा मालक. वरातीला घोडे पुरवण्याचा त्याचा धंदा. पण हल्लीचे नवरदेव उंच आणि अंगानं भरलेले. या तट्टूवर बसवले की त्यांचे पाय जमिनीला टेकायचे, आणि फोटोत नवरदेव चालतच आल्यासारखा दिसायचा. तक्रारी फार झाल्या, तेव्हा मालकानं ते विकायला काढलं आणि वर जीनही फुकट दिलं.

तट्टू पांढरं होतं, पोटाशी जरा पिवळसर. पापण्या लांब. चेहऱ्यावर मानपानाची सवय असलेल्या पाहुण्याचा भाव.

पहिल्या दिवशी सकाळी नात त्याच्यावर बसून निघाली आणि फाटकाशी ते थांबलं. माझ्या मुलानं लगाम ओढला, मी मागून ढकललं, सुनेनं समोर गाजर धरलं. गाजर त्यानं खाल्लं, पाय मात्र उचलला नाही. बायको ओसरीवर चहा पीत बघत होती. ती एकदम हसायला लागली.

"अहो, वर बघा की. तोरण आहे."

फाटकाला आंब्याच्या पानांचं तोरण होतं. ते ती कधी सुकू द्यायची नाही.

"त्याला वाटतंय, मांडव आला," ती म्हणाली. "ओवाळल्याशिवाय कसा जाईल?"

ती आत गेली आणि ताट घेऊन आली. त्याच्या खुरांवर तांब्यातलं पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, निरांजन ओवाळलं, गूळ-खोबरं भरवलं. तट्टूनं मान हलवली आणि ऐटीत बाहेर पडलं.

त्या दिवसापासून ते आमचे जावईबुवा झाले. आम्हाला एकच मुलगा. बायको म्हणायची, "मुलगी नाही म्हणून जावयाचे नखरे राहून गेले होते, तेवढी हौस यानं भागवली." आता नात रोज सकाळी त्याच्यावर फेरीला निघायची, आणि रोज पाणी, कुंकू, निरांजन, गूळ-खोबरं. दूधवाला सुद्धा आपली सायकल बाजूला घेऊन तेवढं होईपर्यंत थांबायचा. मी आतून पुस्तकातून डोकं वर काढून म्हणायचो, "अगं, जनावर आहे ते." ती म्हणायची, "तुम्हाला लग्नात ओवाळलं तेव्हा कुणी असं म्हणालं का?"

मग ती गेली. आजार थोडा होता आणि दवाखान्यातले दिवस त्याहून थोडे. त्याबद्दल मला लिहिता येत नाही, म्हणून तट्टूबद्दल लिहितो.

वर्षभर सण नाही, गोडधोड नाही, दाराला तोरण नाही, ही आमच्याकडची रीत. चुलतभावानं पहिल्याच दिवशी फाटकावरचं तोरण उतरवलं. पुढे नात पुन्हा वर्गाला जायला लागली, तेव्हा मी बघितलं की तट्टू फाटकाशी थांबत नाही. मान खाली घालून मुकाट्यानं बाहेर जातं. मला गलबलून आलं. मी मनाशी म्हणालो, मुक्या जिवालाही कळलं, ओवाळणारी गेली. आता कशाचा मान आणि कसलं काय. ही गोष्ट मी भेटायला येणाऱ्या सगळ्यांना सांगितली. एक वयस्कर बाई तर ती ऐकून डोळे पुसत गेल्या. तोरण नाही म्हणून ते थांबत नाही, हा विचार घरात एकाच्याही डोक्यात आला नाही. दुःखाच्या दिवसांत माणसाला प्रत्येक गोष्टीत दुःखच दिसतं, आणि त्यात मी शिकलेला माणूस.

मी दिवसाचे बरेच तास जावईबुवांच्या शेडमध्ये घालवू लागलो. खुर्ची टाकून वाचत बसायचो. ते वैरण चघळायचं, मी पान उलटायचो. मुलाला हे बघवेना. तो टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचं काम करतो, स्वभावानं सरळ आणि शब्दाला पक्का. एक दिवस जेवताना म्हणाला, "बाबा, ते तट्टू परत देऊ या. आई होती तोवर ठीक होतं. तुमचे गुडघे असे, आणि तुम्ही दिवसभर त्या वासात बसता. मोहोळवाला परत मागतोय. आता त्याला मुंजीच्या बटूंची आणि वाढदिवसाच्या पोरांची कामं मिळतात. त्यांचे पाय टेकत नाहीत."

नातीनं ताट सरकवलं. "आणि माझी स्पर्धा?"

"तुझा घोडा एकदा तरी सगळी फेरी न अडता करतो का? वर्गात कधी गवत खायला थांबतो, कधी झोपतो."

हे खरं होतं. पुष्कळ रडारड झाली आणि शेवटी मुलानं आपला शब्द दिला. लहान गटाच्या स्पर्धेत नातीनं फेरी पूर्ण केली तर तट्टू राहील, बक्षीस नाही मिळालं तरी चालेल. बाद झाली तर त्याच दिवशी ते मोहोळला जाईल.  रात्री लक्षात आलं की जेवणात मी एकही घास खाल्ला नव्हता.

तयारी जोरात सुरू झाली. मलाही पुष्कळ ज्ञान मिळालं. या स्पर्धेत मुलांचे वयाप्रमाणे गट असतात आणि तट्टूंची उंची मोजतात. डोक्याला हेल्मेट आणि पायात टाचेचे बूट नसतील तर आत सोडत नाहीत. स्पर्धेआधी मुलं सगळा मार्ग पायी चालून पाठ करतात. अडथळ्याला दोन्ही बाजूंना झेंड्या, लाल उजवीकडे, पांढरी डावीकडे. त्यांच्या मधूनच जायचं. बांबू पडला तर गुण कापतात, घोडा अडला तरी कापतात, आणि फारच अडून राहिला तर पंच घंटा वाजवतात. घंटा वाजली की स्वार बाद. नात रोज संध्याकाळी अंगणात पाठ करायची. घोड्याच्या जागी मी असायचो. सुनेचे झाडू आणि लाटणं यांवरून मी तिच्या हुकमाप्रमाणे पाय उचलून जायचो. एकदा लाटण्यावर अडखळलो, तर ती म्हणाली, "आबा, चार गुण गेले."

स्पर्धेच्या दिवशी मैदानावर जत्रा भरली होती. बार्शीहून, माळशिरसहून, पार पुण्याहून मुलं आलेली. पुण्याच्या तट्टूंच्या आयाळीला बारीक वेण्या घातल्या होत्या. आमच्याला नातीनं आपले रबरबँड लावले होते, त्यांतले दोन स्ट्रॉबेरीचे. मोहोळवाला टेम्पो घेऊन हजर होता. मैदानाच्या कडेला टेम्पोचा मागचा फळका उघडून, हातात भज्यांचा पुडा घेऊन बसला होता.

"राम राम साहेब," तो म्हणाला. "पोरीला लवकर घिऊन या. मला उजेड हाय तवर निघायचंय."

"अजून फेरी व्हायचीय," मी म्हणालो.

"व्हय की. हुईल की." त्यानं मैदानाकडे बघितलं, मग तट्टूकडे, आणि एक भजं तोंडात टाकून खूप वेळ हसला. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

मी दोरीजवळ खुर्ची घेतली. सुनेनं डबा दिला होता, त्यात शेंगांची चटणी आणि कडक भाकरी. मुलगा जरा लांब, पलीकडच्या बाजूला उभा राहिला. माझ्याकडे बघायला नको म्हणून असेल.

माइकवरचा निवेदक एरवी लग्नात आणि सत्कारात बोलत असावा. मुलांचं हेल्मेट तपासत होते तरी तो म्हणायचा, "आणि आता हा अविस्मरणीय क्षण!" पंच म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले एक ताठ गृहस्थ. टेबलावर पितळी घंटा, आणि मिशी घंटेपेक्षा चकचकीत.

नातीची पाळी आली. तिनं मध्यभागी येऊन पंचांना मान लववून सलाम केला. इथपर्यंत जावईबुवा शहाण्यासारखे उभे होते. मग सुरुवातीची घंटा झाली आणि तट्टू सुटलं.

मी खरोखर सांगतो, ते धावलं. वर्गात अर्धी झोप काढणारं ते जनावर पहिला बांबू सहज ओलांडून गेलं, दुसराही. तिसऱ्या ठिकाणी पिंपांमधून नागमोडी जायचं होतं, तिथे माझे डोळे मिटले गेले. उघडले तेव्हा ते बाहेर आलेलं. नातीची पाठ ताठ होती आणि वेणी मागे उडत होती. एकही बांबू पडला नव्हता. निवेदकाचा आवाज चिरकला. "सोलापूरची कन्या! सोलापूरची कन्या!" मी उभा राहिलो होतो आणि डबा छातीशी धरला होता. आता फक्त शेवटची रेष ओलांडायची उरली होती.

शेवटच्या रेषेवर कमान होती.

मांडवाचं काम ज्याला दिलं होतं तो लग्नाचे मांडव घालणारा. त्यानं त्याला येतं तेच केलं होतं. दोन्ही बाजूंना केळीचे खांब, वर झेंडूच्या माळा, मध्ये 'सुस्वागतम्', आणि खाली लाल गालिचा. सकाळी आम्ही तट्टू मागच्या बाजूनं आत आणलं होतं, त्यामुळे त्यानं कमान आत्ताच पाहिली.

जावईबुवा भरधाव आले आणि गालिच्यावर पाय लागताच थांबले. नात त्यांच्या मानेवर आदळली आणि कशीबशी सावरली. नाक कमानीच्या अलीकडे, रेष कमानीच्या पलीकडे. चारही पाय रोवलेले, मान किंचित वर, लांब पापण्या अर्ध्या मिटलेल्या.

"चल ना! चल!" नात टाचा मारत होती.

"आणि हा काय... हा एक विश्रांतीचा क्षण," निवेदक म्हणाला.

पंचांनी घड्याळाकडे बघून घंटेवर हात ठेवला. मोहोळवाल्यानं भज्याचा पुडा चुरगाळून खिशात घातला आणि टेम्पोचा फळका नीट केला.

मी झेंडूच्या माळांकडे बघत होतो. मग आमचं फाटक आठवलं, ते तोरण, ते ताट. आणि कित्येक महिने मी लोकांना सांगत असलेली ती हृदयद्रावक गोष्ट. मुका जीव, दुःख, मान खाली घालून जाणं. डोळे पुसत गेलेल्या त्या बाई. मला इतकी लाज वाटली की मी दोरीखालून वाकून मैदानात शिरलो. गुडघे वाजले ते बहुतेक माइकवरही ऐकू गेले असतील.

"ओ आजोबा! आत यायचं नाही," पंच ओरडले. "घोड्याला हात लावला तर मुलगी बाद!"

"हात लावत नाही," मी म्हणालो. "ओवाळू का?"

"काय?"

"ओवाळल्याशिवाय तो मांडवात जात नाही. वरातीचा आहे."

पंचांची मिशी हलली. फौजेत त्यांना असा प्रश्न कुणी विचारला नसावा. "बाहेरच्या माणसाची मदत चालत नाही."

"ही मदत नाही, साहेब," निवेदक माइकवरूनच म्हणाला. त्याच्या आवाजात आपल्या धंद्याचा अभिमान होता. "हा सत्कार आहे!"

मैदान हसलं. पंचांनी थोडा विचार केला. "सत्काराला नियमात बंदी नाही. पण लवकर करा. आणि हात नाही."

माझ्याकडे ताट नव्हतं, निरांजन नव्हतं, काहीच नव्हतं. डब्याचं झाकण होतं. त्यावर चटणी लागलेली होती, ती कुंकू समजलो. मोबाइलची बॅटरी लावून तो झाकणावर उभा केला, तो निरांजन. तो पडू नये म्हणून त्याला कडक भाकरीचा टेकू दिला. बाटलीतलं पाणी तट्टूच्या खुरांपुढे ओतलं आणि ओवाळायला सुरुवात केली.

मी आयुष्यात कधी कुणाला ओवाळलेलं नाही. पुरुषांना ते शिकवत नाहीत, ते पाटावर बसतात. दोरीपलीकडच्या बायका ओरडायला लागल्या.

"अहो आजोबा, उलटं फिरवताय!"

"घड्याळासारखं! घड्याळासारखं!"

"हळू की, पीठ चाळताय का?"

"आबा, मला नको, त्याला ओवाळा!" नात वरून म्हणाली. माझा प्रकाश तिच्या डोळ्यांत जात होता.

मी दिशा बदलली. जावईबुवांनी एक डोळा उघडला. ओवाळणं त्यांना पसंत नसावं. काहीतरी कमी होतं. घंटेवरचा हात पुन्हा हलला.

तेवढ्यात झाकणावरचा फोन वाजला.

माझ्या फोनची घंटी म्हणजे सनई. ती बायकोनं लावून दिलेली, कारण साधी घंटी मला ऐकू येत नसे. ती बदलायला मला पुष्कळांनी सांगितलं होतं, दुखवट्याच्या घरात सनई वाजते म्हणून. मला बदलता येत नाही, असं मी सांगत असे. बदलता येते.

फोन मुलाचा होता. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला तो एका हातानं फोन कानाला लावून दुसऱ्या हातानं मला परत येण्याच्या खुणा करत होता. बापाची शोभा होताना बघून त्याला दुसरं काही सुचलं नसेल. मी उचलला नाही. माझे दोन्ही हात झाकणाला होते. सनई वाजत राहिली, आणि निवेदकानं, देव त्याचं भलं करो, माइक झाकणाजवळ आणला.

साऱ्या माळावर सनई वाजली. जावईबुवांचे कान टवकारले. त्यांनी पुढे मान केली, झाकणावरची कडक भाकरी उचलली आणि चावली. तो कडाड आवाजही माइकवरून गेला. मग त्यांनी एक पाय उचलला, हवेत जरा थांबवला, खाली ठेवला. मग दुसरा. वरातीची चाल ती. दोन पावलं पुढे, जरा डोलायचं, पुन्हा दोन पावलं. सनई बंद पडली तसे ते थबकले. मुलाचा फोन पुन्हा आला आणि ते पुन्हा चालले. असं दोनदा झालं. लोक टाळ्यांचा ठेका द्यायला लागले. बार्शीच्या मुलांनी तर नाचायला सुरुवात केली होती. नात आधी रडवेली झाली, मग तिनं पाठ ताठ केली आणि एक हात वर करून नवरदेवासारखा सगळ्यांना नमस्कार केला. अशा थाटात ती कमानीखालून गेली आणि रेष ओलांडली.

मुलगा धावत आला. "बाबा, काय हे! फोन का नाही उचलला?"

पंच त्याच्याआधी माझ्याकडे वळले. "आजोबा, तुम्ही घोड्याला खायला दिलंत. ही मदत झाली."

"दिलं नाही," मी म्हणालो. "टेकू होता. त्यानं घेतला."

पंच झाकणाकडे बघत राहिले, मग उरलेल्या तुकड्यांकडे. "माझ्यासमोर त्यानं स्वतः घेतलं, हे खरं आहे," ते म्हणाले. वेळ इतका गेला होता की नातीचा क्रमांक शेवटून पहिला आला.

 मी मुलाकडे बघितलं नाही, झाकण पुसत होतो. त्यानं पंचांना विचारलं, "पण फेरी? फेरी पूर्ण झाली का?"

"झाली," पंच म्हणाले. "कशी झाली ते विचारू नका."

मुलगा टेम्पोकडे गेला. मोहोळवाल्याचा चेहरा उतरला होता.

"तुम्हाला माहीत होतं, तो अडणार," मुलगा म्हणाला.

"कमान बगितली तवाच कळलं की." तो भज्यांच्या तेलाचे हात पँटला पुसत होता. "पर आजोबा असलं कायतरी करतील असं वाटलं न्हाय. लई जणांच्या वराती बगितल्या, डब्याच्या झाकनावर वरात पयल्यांदा बगितली."

तट्टू घरी न्यायला दुसरं वाहन नव्हतं, म्हणून शेवटी त्याच टेम्पोतून आम्ही सगळे परत आलो. मोहोळवाल्यानं आम्हाला फाटकाशी उतरवलं आणि रिकाम्या टेम्पोचा फळका बंद करताना जावईबुवांच्या मानेवर थापटून काहीतरी पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी समोरच्या आंब्याची पानं तोडून आणली. तोरण करायला मला फार वेळ लागला, दोरा सारखा सुटत होता. स्टुलावर चढून ते फाटकाला बांधलं. मुलगा बाहेर आला. त्यानं वर बघितलं.

"अजून वर्ष व्हायचंय, बाबा."

"हो," मी म्हणालो.

 त्यानं स्टूल धरून ठेवलं, मी खाली उतरेपर्यंत.

तेव्हापासून सकाळचं काम माझ्याकडे आहे. पाणी, कुंकू, निरांजन, गूळ-खोबरं. घड्याळासारखं फिरवतो. भाकरी मात्र रोज द्यावी लागते, ती सवय स्पर्धेची. आणि एक नवी अडचण झाली आहे. जावईबुवांना आता नुसतं ओवाळून चालत नाही, सनईही लागते. मुलाची कामावर जायची वेळ तीच. तो स्कूटरवर बसून मागे अडकलेला असतो, हॉर्न वाजवतो, घड्याळ बघतो, आणि मग खिशातून फोन काढून मला लावतो.

मी उचलत नाही.